हाताला वेढा

अण्णांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वाकलेलं, कायमचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांचे डावे हात असेच असतात. पुढे कळलं, की 1991 च्या चैत्रात आमच्या कृष्णाकाठच्या एका मैदानावर शर्यत संपल्यानंतर बैल थांबलेच नाहीत. अण्णा छकड्यावरून खाली आले आणि हाताला कासऱ्याचा वेढा होता म्हणून ढेकळांतून शंभर-दीडशे फूट फरफटत गेले. ती फायनल त्यांनीच मारली होती.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम होता. कासरा असो, शेळीचं दावं असो, नाहीतर विहिरीवरचा दोर. मुठीत धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना रेडकाचं दावं मनगटाला गुंडाळून उभी होते, तेव्हा अण्णांनी आयुष्यात एकदाच मला चापट मारली. मग स्वतःच खाली बसून माझं मनगट चोळत म्हणाले, "जनावर एका झटक्यात जातं, पोरी. वेढा सुटायला दोन झटके लागत्यात."

मी हातांची फिजिओथेरपिस्ट झाले ती त्या दोन बोटांमुळे. आज ती जखम झाली असती तर करंगळी गेलीच असती, पण शेजारचं बोट सरळ करता आलं असतं, हे मला आता माहीत आहे. ते माहीत असण्याचं दुःख वेगळं आहे.

गेली नऊ वर्षं मी टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थ शहरात काम करते. इथे येईपर्यंत बुल रायडिंग, म्हणजे उधळणाऱ्या वळूच्या पाठीवर आठ सेकंद टिकून राहण्याचा खेळ, ही टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसणारी एक उडी, एवढीच माझी ओळख. पण या शहराला लोक 'काऊटाऊन'च म्हणतात. जुन्या गुरांच्या बाजारात, स्टॉकयार्ड्समध्ये, 1908 साली बांधलेलं काऊटाऊन कोलिसियम अजून उभं आहे आणि तिथे दर शुक्रवारी-शनिवारी रात्री रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा खेळ, होतो. त्यामुळे माझ्या टेबलावर अधूनमधून असे हात येतात, जे पाहिल्यावर बाकी काही विचारावं लागत नाही. तळव्याला आडवा घट्टा, अंगठ्याच्या बुडाशी जुनी मोडलेली गाठ, आणि नखांच्या कडेला राळेचा काळा चिकट थर.

त्यातला एक हात दोन वर्षांपूर्वी आला. पोरगा तेवीस वर्षांचा, ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या एका खेड्यातला. फोर्ट वर्थच्या उत्तरेला तासाभरावर डिकेटर नावाचं छोटं गाव आहे. ब्राझीलहून येणारे कितीतरी रायडर तिथेच बिऱ्हाड करतात. हाही आणखी तिघांसोबत एका भाड्याच्या घरात राहायचा. उजव्या मनगटाचे अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया झालेली. इंग्रजी मोडकंतोडकं. मला 'दोतोरा' म्हणायचा, म्हणजे डॉक्टरीणबाई.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी त्याला म्हटलं, तू दोर कसा धरतोस ते दाखव. त्याने इकडेतिकडे पाहिलं, क्रेप बँडेजचा रोल उचलला, उशीखालून घेतला आणि उशीवर तळवा उताणा ठेवला. दोर तळव्यावरून आडवा गेला. शेपूट हाताच्या पाठीमागून फिरून पुन्हा तळव्यात आलं. मग डाव्या हाताने एक एक बोट त्याने स्वतःच मिटवलं, जणू ती दुसऱ्याची बोटं आहेत, आणि मिटलेल्या मुठीवर डाव्या मुठीने दोन ठोके मारले.

वेढा. माझ्या घरात ज्याला मनाई होती तोच वेढा, आणि तोच या माणसाचा धंदा.

"काही जण शेपूट करंगळी आणि अनामिकेच्या मधूनही काढतात," तो म्हणाला आणि तसं करून दाखवलं. रायडर त्या पद्धतीला 'आत्महत्येचा वेढा' म्हणतात. पकड पक्की बसते, पण सोडवायला फार कठीण. करंगळी आणि अनामिका. मी ते बँडेज त्याच्या हातून काढून घेतलं आणि नीट गुंडाळत बसले. बोलायला मला थोडा वेळ लागला.

तुम्ही पडद्यावर पाहिलं असेल तर उड्या पाहिल्या असतील, म्हणून त्या आठ सेकंदांआधी काय होतं ते सांगते. रायडरचा दोर स्वतःचा असतो, सहसा कुणाला वापरायला देत नाहीत. वेणीसारखा विणलेला, मधे हात घालायला जाड मूठ, आणि पोटाखाली येईल अशी एक जड घंटा. मला आधी ती बैलाला बिथरवायला असेल असं वाटलं होतं. ती असते वजनाला. हात सुटला की घंटेच्या भाराने अख्खा दोर वळूच्या अंगावरून घसरून खाली पडावा म्हणून. जनावर लोखंडी खोड्यात उभं करतात. रायडर कठड्यावरून त्याच्या पाठीवर उतरतो, हातमोजा घातलेल्या हाताने दोर वर-खाली, वर-खाली घासतो. त्या घासण्याने दोराला लावलेली राळ तापते, पाघळते, चिकट होते. तो वास मला आता ओळखू येतो, थोडा कापरासारखा, थोडा जळका. मग वेढा. मग मूठ. मग मान खाली घालून एक होकार, आणि फाटक उघडतं.

एकच हात दोराला. दुसरा हवेत, तो वळूला किंवा स्वतःला शिवला की सगळं बाद. आठ सेकंद पुरी झाली तरच गुण, शंभरपैकी. त्यातले निम्मे रायडरचे आणि निम्मे वळूचे. सात पूर्णांक नऊ सेकंदांना भोपळा. आणि गोम अशी, की वळू सरळ, शहाण्यासारखा उडाला तर तुम्ही आठ सेकंद बसूनही हरता, कारण त्याचे निम्मे गुण बुडाले. वाईट जनावर वाट्याला यावं अशी प्रार्थना करणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

पगार? या पोराच्या पायरीवरच्या बहुतेकांना तो नसतो. गावोगावच्या रोडिओत नाव घालायला फी, पेट्रोल स्वतःचं, मोटेलची खोली चौघांत एक. पडलात तर हात हलवत पुढच्या गावाला. वरच्या टोकाला जगज्जेत्याला दहा लाख डॉलरचा बोनस आहे, पण त्या टोकाला पोचणारा वर्षाला एकच. हे टोक तरी कसं तयार झालं? 1992 साली अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल गावी एका हॉटेलच्या खोलीत वीस रायडर जमले. रोडिओत घोडे, दोरफेक, वळू असं सगळंच असतं आणि लोक थांबतात ते शेवटच्या वळूंसाठी. मग आपला खेळ वेगळा का नको? प्रत्येकाने हजार डॉलर काढले आणि प्रोफेशनल बुल रायडर्स, म्हणजे पीबीआर, उभी राहिली. हजार डॉलर ही त्या पोरांना सोपी रक्कम नव्हती. पण खेळणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून स्वतःचा खेळ उभा केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्या मैदानांवर ड्रायव्हरचं नाव पत्रिकेत शेवटच्या ओळीत छापायचे, तेही जागा उरली तर.

1994 साली पीबीआरचा पहिला जगज्जेता झाला तो अमेरिकन नव्हता. आद्रियानो मोराइस, ब्राझीलचा, तोही साओ पाउलो राज्यातलाच. 2001 आणि 2006 मध्ये त्याने पुन्हा किताब घेतला. माझ्या या पेशंटच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो आहे. त्याच्यामागून रांग लागली: गिल्येर्मे मार्की, तीनदा जिंकलेला सिल्व्हानो आल्व्हेस, लागोपाठ 2020 आणि 2021 घेणारा जोझे व्हितोर लेमे. ब्राझीलमध्ये बारेतोस नावाच्या गावी 1956 पासून दर ऑगस्टमध्ये रोडिओची जत्रा भरते. तिथलं रिंगण खुद्द ऑस्कर निमायर या वास्तुकाराने आखलेलं. "तिथे पहिल्यांदा बसलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, तीन सेकंद टिकलो," पोरगा म्हणाला. तीन सेकंद सांगतानाही त्याचा चेहरा उजळला होता.

त्याच्या हाताचं काय चाललं होतं ते सांगायलाच हवं. मूठ मिटणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूने कोपरापासून येतात, उघडणारे पाठीमागून. मिटणारे सगळ्यांचेच जास्त ताकदवान असतात. याचे तर मापयंत्राचा काटा पार टोकाला नेणारे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत त्याने पकडीची ताकद परत मिळवली आणि मला म्हणाला, दोतोरा, झालं, सही करा. मी म्हटलं, उघड. मी तोंडाने टिचकी वाजवायची आणि त्याने मूठ सोडायची. ती उशिरा उघडायची. अगदी किंचित, पण उशिरा. मग पुढचे सहा आठवडे आम्ही धरण्याचं काहीही केलं नाही. बोटांना रबरबँड लावून उघडायचं, कणकेसारख्या पुट्टीत बोटं खुपसून फाकवायची, टिचकी, उघड, टिचकी, उघड. त्याला तो अपमान वाटत होता. एकदा चिडून म्हणाला, "सोडायला काय शिकायचं? वळू स्वतःच सोडवतो."

वळू सोडवत नाही. ज्या बाजूचा हात दोरात आहे त्याच्या उलट बाजूला माणूस फेकला गेला, तर त्याचं सगळं वजन त्या मुठीवर उलटं येतं, वेढा आवळतो, आणि माणूस जनावराच्या कुशीला लटकतो. मग बुलफायटर नावाचे लोक धावत येतात. तलवारी घेऊन बैल मारणारे स्पेनमधले ते हे नव्हेत. यांच्या हातात काही नसतं. एक जण वळूच्या डोळ्यांसमोर स्वतःला घालतो, दुसरा उडी मारून दोराचं शेपूट खेचतो. या सगळ्या खेळात मला सर्वांत जास्त आदर कुणाबद्दल असेल तर त्यांच्याबद्दल. 2021 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला आमादेउ कांपोस सिल्व्हा हा बावीस वर्षांचा ब्राझिलियन रायडर गेला. त्याच्या बुटाच्या टाचेला लावलेला काटा वळूच्या मांड्यांपुढच्या दोरात अडकला आणि तो वळूखाली आला. माझा पेशंट त्याला ओळखत होता. हे त्याने मला फार नंतर सांगितलं, रबरबँड लावलेल्या हाताकडे बघत.

आणि सुटूनही माणूस जातो. लेन फ्रॉस्ट 1987 चा जगज्जेता. 30 जुलै 1989 रोजी वायोमिंगमधल्या शायेनच्या रोडिओत त्याने आठ सेकंद पुरी केली, उतरला, चिखलात पडला. वळू मागे फिरला आणि शिंगाने त्याच्या पाठीवर धडक दिली. फ्रॉस्ट उठला, मदतीसाठी हात हलवला, दोन पावलं चालला आणि कोसळला. वय पंचवीस. ओक्लाहोमातल्या ह्यूगो गावी त्याला पुरलं, त्याचे गुरू फ्रेकल्स ब्राऊन यांच्याजवळ. त्या ब्राऊन यांनी 1967 साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, टॉर्नेडो नावाच्या वळूवर आठ सेकंद काढली होती. त्याआधी 220 जणांना त्याने उडवलं होतं. फ्रॉस्टचा मित्र कोडी लँबर्ट याने त्या मृत्यूनंतर छाती-पाठ झाकणारं जाकीट बनवलं. आज ते अंगात घातल्याशिवाय पीबीआरमध्ये कुणी वळूवर बसत नाही. दुसरा मित्र टफ हेडमन. त्याने त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत आठ सेकंदांचा भोंगा झाल्यावरही मूठ सोडली नाही, फ्रॉस्टसाठी आणखी आठ सेकंद बसून राहिला.

पण हेडमनची मला जी गोष्ट आवडते ती ही नव्हे. बोडेशस नावाचा एक पिवळा वळू होता, साडेआठशे किलोंच्या घरातला. 1993 मध्ये हेडमन त्याच्यावर बसला आणि 95 गुण घेतले. 1995 मध्ये पुन्हा तोच वाट्याला आला. या खेपेला बोडेशसने हेडमनला पुढे खेचलं आणि डोकं वर फेकून त्याच्या तोंडावर आपटलं. चेहऱ्याची हाडं मोडली. काही आठवड्यांनी, अंतिम फेरीत, चिठ्ठी निघाली ती परत बोडेशसचीच. हेडमन खोड्यापर्यंत गेला. फाटक उघडलं, बोडेशस एकटाच बाहेर पडला, आणि हेडमनने हॅटला हात लावून त्याला जाऊ दिलं. त्याच्या पोराने, ज्याचं नाव त्याने मित्रावरून लेन ठेवलं होतं, वडिलांकडून तसं वचन घेतलं होतं म्हणतात. या खेळाचे शौकीन आठ सेकंद टिकलेल्या कितीतरी फेऱ्या आठवून सांगतील. माझ्यासाठी मात्र ही न केलेली फेरी सगळ्यांच्या वर आहे. अण्णांच्या फायनलच्या आदल्या रात्री आईने असंच काही म्हटलं होतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. अण्णांनी ऐकलं नव्हतं.

गेल्या एप्रिलमध्ये अण्णा इकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. घरात त्यांचं मन रमेना. शनिवारी त्यांना स्टॉकयार्ड्सला नेलं. त्या रात्री माझा तो पेशंट पोरगा बसणार होता, आणि रिंगणात जाण्याआधी मागच्या बाजूला, जनावरांच्या वाड्याशी, तो आम्हाला भेटला.

अण्णांनी आधी माणसाकडे पाहिलंच नाही. कठड्याच्या फटीतून ते जनावर बघत होते. "ह्यो बैल न्हाय, वळू हाय," म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग, "ह्याला वशिंड कुठनं आलं?"

मी सांगितलं. अमेरिकेच्या मूळ गुरांना वशिंड नसतं. टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत टिकतील म्हणून इथल्या लोकांनी हिंदुस्थानातून वळू आणले. 1906 मध्ये एक मोठा कळप आला. अशा येत गेलेल्या गुरांत गीर, कांकरेज, ओंगोल, आणि आमच्याकडची कृष्णाकाठची जातसुद्धा. त्यांच्या मिश्रणातून इथली ब्राह्मन जात झाली, आणि उडणाऱ्या वळूंत तिचं रक्त सगळीकडे आहे. तो बोडेशससुद्धा ब्राह्मनचा संकरच. ब्राझीलच्या कुरणांत तर नेल्लोरवरून नाव पडलेली नेलोरे गुरंच भरून आहेत. अण्णांनी फटीतून हात घालून त्या वळूच्या मानेखालची पोळी हलकेच चाळवली. मी घाबरले, जनावर मात्र नुसतं फुरफुरलं. "म्हंजी नदीच्या काठावरचं गेलंया हितं," ते म्हणाले.

मग पट्टा पाहिला, मांड्यांपुढचा मऊ दोर. ह्यानं उडतंय का, विचारलं. मी म्हटलं, उडणं रक्तातच असतं, पट्ट्याने लाथ उंच जाते. अण्णांनी मान हलवली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमी पराणीला खिळा लावायचो." आमच्याकडे 2014 साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा गावात फार राग होता. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने कायदा कायम केला तेव्हा गुलाल उधळला. अण्णा गुलालात गेले नव्हते. कारण विचारायचं धाडस मला झालं नव्हतं; ते मला त्या रात्री कळलं. माझं स्वतःचं मत सांगायचं तर ती बंदी आम्ही कमावली होती, खिळ्याखिळ्याने.

पोराने आपला दोर अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी वेणी बोटांनी चाचपली, पीळ मोजला, मूठ पाहिली, घंटा हातात तोलून बघितली. मग डाव्या हाताने मुठीवरची राळ घासू लागले. अर्धी करंगळी, वाकडी अनामिका. पोराने ती बोटं पाहिली. त्याने मला काहीच विचारलं नाही. त्याने स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटली, उघडली. मिटली, उघडली. झटकन.

"तुझ्या वडिलांना विचार," तो म्हणाला, "त्या बैलाचं काय झालं?"

राजा आमच्याकडेच म्हातारा झाला. लोक विकायला सांगत होते. अण्णा म्हणायचे, त्याची काय चूक, वेढा मी घातला हुता. बांधावरच्या आंब्याखाली त्याला पुरलाय. पोरगा हसला आणि म्हणाला, जे. बी. मूनीसारखं. 2013 आणि 2015 चा जगज्जेता मूनी. 2023 मध्ये आयडाहोत एका वळूने त्याची मान मोडली आणि कारकीर्द संपवली. तोच वळू त्याने पुढे टेक्सासमधल्या आपल्या रानात आणून ठेवला. अण्णांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल असं काहीच वाटलं नाही.

रात्री साडेनऊला त्याचा नंबर आला. होकार दिला, फाटक उघडलं. पहिली उडी, दुसरी, मग वळू डावीकडे गोल फिरला, त्याच्या हाताच्या उलट अंगाला. मी अण्णांचा दंड धरला. चौथ्या सेकंदाला त्याचं बूड सुटलं आणि तो आतल्या बाजूला, नको त्याच बाजूला, कलंडला. एक क्षण सगळं शरीर त्या उजव्या मुठीवर. आणि मूठ उघडली. तो खांद्यावर पडला, लोळला, उठून कठड्याकडे पळाला. दोर मागून घसरला, घंटा वाळूत खण्णकन वाजली.

निवेदकाने हळहळल्यासारखं काहीतरी म्हटलं. चार सेकंद, शून्य गुण, शून्य डॉलर. आमच्या पुढच्या रांगेतले लोक शीतपेयं आणायला उठले. अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "सुटला," ते मला म्हणाले, मग शेजारच्या अनोळखी बाईलाही मराठीत म्हणाले, "सुटला की हो."

नंतर तो दोर खांद्यावर टाकून आला, कोपर खरचटलेलं. पुन्हा कवा हाय, अण्णांनी विचारलं. मी विचारलं. उद्या दुपारी, ओक्लाहोमात, पाच तासांचा रस्ता, आताच निघायचंय. अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून वीस डॉलरची नोट काढली. येताना विमानतळावर मीच त्यांना दिली होती, त्यांनी महिनाभर मोडली नव्हती. ती चौघडी करून त्यांनी त्याच्या हातात कोंबली.

"डिझेलला," म्हणाले.

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. "घे," मी म्हटलं.